एकाच काट्यावर तीनदा

टोचेबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता एकच उरलं होतं. ती म्हणजे त्यांची थोरली बहीण, आणि तिला अलीकडे ऐकू कमी येत असल्यामुळे ती बोलायचीही कमी. बाकी सगळ्या वस्तीसाठी त्या टोचेबाईच. सकाळी साडेसहाला खांद्याला निळी पेटी अडकवून निघायचं, आठ-दहा घरी रक्त काढायचं आणि साडेनऊच्या आत सगळ्या नळ्या लॅबमध्ये हजर करायच्या. वय अठ्ठावन्न. त्यांतली छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या कोपराच्या खोबणीत शीर शोधण्यात गेली होती.

सकाळी सातला बाही वर करून बसलेला माणूस जसा असतो तसाच तो खरा असतो, असं बाईंचं मत होतं, आणि हे मत माणसांच्या बाजूचं नव्हतं. ऑफिसात दहा जणांना दमात घेणारे पुरुष सुई पाहिली की बायकोचा पदर शोधायचे. तीस वर्षं उपाशीपोटी रक्त देणाऱ्या बाया, ‘चहा घेतला का?’ विचारलं की शपथेवर नाही म्हणायच्या आणि कप मोरीत दिसत असायचा. माणूस म्हणजे पाचेक लिटर रक्त आणि त्यावर तरंगणारी मिजास, असं त्या बहिणीला सांगायच्या. बहीण मान हलवायची. ऐकू आलं असेल किंवा नसेल.

लॅब एका चष्म्याच्या दुकानाच्या आणि एका किल्ल्या बनवणाऱ्याच्या मधोमध होती. मालक स्वतः पॅथॉलॉजिस्ट होते, म्हणजे भिंतीवरच्या चौकटीत तसं लिहिलेलं होतं. रिपोर्टवर त्यांची सही असायची, पण ती संगणकाच्या पोटात ठेवलेली सही. बोट दाबलं की उमटायची. ज्या कागदावर ती उमटायची तो कागद मालकांनी पाहिलेला असेलच असं नाही. आतल्या काचेच्या खोलीत मोठं मशीन होतं. त्याला सगळे ‘साहेब’ म्हणत. साहेबांना एअर कंडिशनर होता, बाकीच्यांना एक पंखा, तोही साहेबांकडे पाठ करून बसवलेला.

आता यातली खरी गंमत. शहराच्या तीन टोकांना तीन छोट्या तपासणी केंद्रांच्या पाट्या होत्या. तिन्हींची नावं वेगळी, रंग वेगळे, काउंटरमागच्या मुली वेगळ्या. लोक एकीला शिव्या देऊन दुसरीकडे जायचे. पण तिन्हीकडचं रक्त दुपारी बारापर्यंत बर्फाच्या डब्यातून याच लॅबमध्ये यायचं आणि याच साहेबांच्या पोटात जायचं. प्रिंटरला तीन कप्पे होते. पहिल्यात पांढरे कागद, बाईंनी घरोघरी काढलेल्या रक्तालाही तेच, दुसऱ्यात निळ्या पट्टीचे, तिसऱ्यात पिवळ्या. हे कागद भरायचं काम टोचेबाईंकडे होतं. दहा वर्षं त्या ते भरत होत्या, आणि पहिल्या दोन वर्षांनंतर त्यांना त्याची लाज वाटेनाशी झाली होती.

त्या मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी त्या इन्स्पेक्टरांच्या घरी गेल्या. इन्स्पेक्टर म्हणजे वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. घरात भाजी आली की ते आधी पिशवी हाताने तोलून बघायचे, मग घरच्या काट्यावर, मग पुन्हा एकदा. ‘मापात पाप’ हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि जगातला प्रत्येक माणूस तेच करतो अशी त्यांची खात्री. बायको त्यांना भ्यायची आणि सुनेला भिववायची. मुलगा विमा कंपनीत होता. त्याला काहीही विचारलं की तो ‘बघू’ म्हणायचा, म्हणून बाईंनी मनातल्या मनात त्याचं नावच बघू ठेवलं होतं.

रक्त सुनेचं काढायचं होतं. चौतिशीची मुलगी, पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काम करणारी, बोटांच्या पेरांवर वाळलेल्या खळीचे पापुद्रे. लग्नाला सात वर्षं झाली होती, दोन वेळा पोटातच गेलं होतं, आणि आता तिसऱ्यांदा अकरावा आठवडा लागला होता. बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्यांबरोबर संसर्गाची यादीही लिहून दिली होती. ही यादी त्या सरसकट सगळ्यांना लिहून द्यायच्या. ताप नाही, पुरळ नाही, विचारपूस नाही. पोटुशी आहे ना, मग लिहा. एका नळीत चार-पाच रोगांची चौकशी. टोचेबाईंच्या मते हे म्हणजे चोरी झालेली नसताना गल्लीतल्या प्रत्येकाला पोलीस ठाण्यात बसवण्यासारखं होतं. एखादा तरी घाबरून कबूल होतोच.

आणि झालंही तसंच. संध्याकाळी साहेबांनी कागद बाहेर टाकला. मांजरापासून, कच्च्या मांसापासून, न धुतलेल्या भाजीपासून होणारा जो संसर्ग, टॉक्सो म्हणतात तो, त्याच्यासमोर ठळक अक्षरात पॉझिटिव्ह. बाईंनी आकडा पाहिला. एक पूर्णांक एकच्या वर गेलं की साहेब पॉझिटिव्ह म्हणायचे. हिचा आकडा एक पूर्णांक तीन होता. काठावरचा, धापा टाकत उंबरा ओलांडलेला आकडा.

छत्तीस वर्षांत बाईंना एवढं कळत होतं की रक्तात संसर्गाच्या दोन खुणा असतात. एक ताजी म्हणवणारी, हिच्या कागदावर उमटली होती ती, आणि एक जुनी. ताजी म्हणवणारी खूण नावाप्रमाणे वागतेच असं नाही. कधी ती संसर्ग बरा होऊनही वर्ष-वर्ष, कधी त्याहून जास्त रेंगाळते, आणि कधी तर काहीही नसताना किट उगाचच ओरडतं. म्हणून अशा वेळी मोठ्या संदर्भ प्रयोगशाळेत रक्त पाठवायचं असतं. तिथे जुन्या खुणेची पकड किती घट्ट आहे ते बघतात. पकड घट्ट म्हणजे संसर्ग जुना, पोट राहण्याआधीचा, आणि मग बाळाला त्याची भीती नसते. हे सगळं किटच्या डब्यातल्या घडी घातलेल्या कागदावर बारीक अक्षरात छापलेलंही असतं. तो कागद लॅबमध्ये टेबलाचा पाय डगमगू नये म्हणून वापरत.

शुक्रवारी त्याच नावाची नळी निळ्या केंद्राकडून आली. शनिवारी पिवळ्याकडून. आकडे एक पूर्णांक चार आणि पुन्हा एक पूर्णांक तीन. बाईंनी तिन्ही कागद प्रिंटरमधून निघताना पाहिले आणि त्यांच्या लक्षात आलं. इन्स्पेक्टर तीनदा तोलून बघत होते.

त्या मालकांकडे गेल्या. म्हणाल्या की हे एकच माणूस आहे, काठावरचं आहे, पुढच्या तपासणीला पाठवा म्हणून रिपोर्टखाली एक ओळ तरी टाका. मालक मोबाइलवर कुणाच्या तरी नव्या गाडीचे फोटो बघत होते. ते म्हणाले की आपण आकडे देतो, सल्ला डॉक्टर देतात, आणि प्रत्येक काठावरच्या आकड्यावर आपणच शंका काढायला लागलो तर लोक आपल्याकडे कशाला येतील? बाई उभ्याच राहिल्या, तेव्हा त्यांनी मान वर केली.

“बाई, तुम्ही नळ्या सांभाळा. डोकं सांभाळायला आम्ही आहोत.”

ज्या डोक्याबद्दल हे चाललं होतं ते बाईंनी एकदा नीट न्याहाळलं. त्यात सांभाळण्यासारखं काही दिसेना.

त्या परत आल्या आणि नेहमीसारख्या नळ्या लावू लागल्या. इथे बाईंचीही एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर त्या उगाच थोर वाटतील. नऊ वर्षांपूर्वी असंच झालं होतं. पोस्टात काम करणारी एक बाई, असाच काठावरचा आकडा, याच डॉक्टरीणबाईंचं पत्र. तेव्हा बाईंना कळत होतं आणि त्या गप्प बसल्या. त्या बाईने पोट खाली केलं. सहा आठवड्यांनी तिच्या भावाने हट्टाने पाठवलेल्या रक्ताचा निकाल मोठ्या प्रयोगशाळेतून आला. संसर्ग जुना होता, फार जुना. मालकांनी तो कागद खणात टाकला आणि वर चहाची पुडकी ठेवली. टोचेबाईंना जगाबद्दल जेवढा तिरस्कार होता त्यातला एक मोठा वाटा त्या दिवसापासून त्यांनी स्वतःसाठी वेगळा काढला होता, आणि तो कधी कमी होऊ दिला नव्हता.

पुढच्या गुरुवारी सकाळच्या यादीत पुन्हा इन्स्पेक्टरांचं घर होतं. हिमोग्लोबिन, रक्तगट, रक्त गोठायला लागणारा वेळ. शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या. काय होणार आहे हे बाईंना विचारावं लागलं नाही.

घरात वातावरण सुतकी होतं, पण त्यातही प्रत्येकाने आपापली खुर्ची पकडलेली होती. इन्स्पेक्टर टेबलाशी, पुढ्यात फाइल. सासूबाई दाराच्या चौकटीत. बघू सोफ्यावर मोबाइल घेऊन, एक बूट घातलेला, एक हातात. सून खिडकीजवळच्या स्टुलावर, बाही आधीच वर करून बसलेली. न बोलता सगळं कबूल केलेल्या माणसासारखी.

बाईंनी पेटी ठेवली नाही तोच सासूबाईंनी सुरुवात केली. म्हणे हिच्या माहेरी मांजरंच मांजरं. अंथरुणात मांजर, स्वयंपाकघरात मांजर, हिची आई म्हणे मांजराशी माणसासारखी बोलते. आणि इथे कारखान्यातही एक बोका पाळलाय उंदरांसाठी, त्याला ही आपल्या डब्यातलं घालते. आम्ही सात वर्षं सांगतोय की ते काम सोड. आता भोगा.

“आई, तो बोका माझ्या जवळसुद्धा येत नाही,” सून म्हणाली.

“नाही येत तर मग हे काय आकाशातून पडलं?”

बघू म्हणाला की बघू आता, उद्या एकदा झालं की मग बघू. त्याने दुसरा बूट चढवला.

बाईंनी सुनेच्या दंडाला पट्टा बांधला. शीर लगेच मिळाली. त्यांनी सुई झाकणातून काढली, आणि मग ती तशीच हातात धरून थांबल्या. इन्स्पेक्टरांना त्यांनी विचारलं की उद्या किती वाजता. इन्स्पेक्टर म्हणाले नऊला दाखल व्हायचं, आणि मग न विचारता सगळं सांगू लागले. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं होतं की मूल आंधळं निघू शकतं, डोक्यात पाणी होऊ शकतं, आणि चौथा महिना पुढे सरकायच्या आत काय ते उरकलेलं बरं. तरी आपण आंधळेपणाने विश्वास ठेवला नाही, असं ते म्हणाले. त्यांनी फाइल उघडली आणि तीन कागद एकापुढे एक मांडले. पांढरा, निळा, पिवळा. प्रत्येकाला कोपऱ्यात टॅग, प्रत्येकावर लाल पेन्सिलीने तारीख.

“तीन ठिकाणी तपासलं, बाई. तीन. एकाने खोटं सांगितलं तर दुसरा पकडला जातो. अठ्ठावीस वर्षांत मी एकाही दुकानदाराला एका वजनावर शिक्षा केली नाही.”

असा कागदांवर हात पसरून बसलेला माणूस बाईंनी बऱ्याच घरांत पाहिला होता. शहाणपणाचा मक्ता घेतलेला, आणि त्या मक्त्याची किंमत दुसऱ्या कुणी तरी चुकवायची. ती दुसरी कुणी खिडकीजवळ बसून स्वतःच्या दंडावरच्या पट्ट्याकडे बघत होती. बाईंनी पट्टा सोडला. सुई परत झाकणात बसवली.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “तुम्ही एकाच काट्यावर तीनदा तोललंत.”

इन्स्पेक्टरांना कळलं नाही. बाईंनी सावकाश सांगितलं. तीन पाट्या, तीन काउंटर, एक लॅब, एक मशीन. कागद त्या स्वतः भरतात, तीन रंगांचे, तीन कप्प्यांत. रक्त तीन वेळा काढलं, पण तपासलं एकाच ठिकाणी, एकाच किटवर. काट्यात दोष असेल तर तीनदा काय आणि तीनशेदा काय, तोच दोष येणार.

“हे तुम्ही म्हणता,” इन्स्पेक्टर म्हणाले. आवाज खात्यातला होता. “पुरावा?”

“कागदाच्या खाली डाव्या कोपऱ्यात बघा. किटचा लॉट नंबर असतो. आणि मशीनचा. बारीक आहे, चष्मा लावा.”

इन्स्पेक्टरांनी चष्मा लावला. मग खणातून भिंग काढलं, कारण त्या पिढीच्या अधिकाऱ्याकडे भिंग असतंच. त्यांनी पांढऱ्या कागदाचा आकडा वाचला, पेन्सिलीने टिपला. निळ्याचा टिपला. पिवळ्याचा टिपला. तिन्ही आकडे एकाखाली एक लिहून त्यांनी बोटाने वरून खाली अक्षर न अक्षर तपासलं. मग परत एकदा. आणि मग तिसऱ्यांदा, कारण सवय. तेवढ्या वेळात बघूचा मोबाइल दोनदा वाजला आणि त्याने तो पालथा ठेवला.

इन्स्पेक्टरांचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग लाल. बाईंना क्षणभर वाटलं की आता माणूस सुनेकडे बघेल. त्यांनी बघितलं नाही. त्यांनी फाइल आपटली आणि म्हणाले की ही उघड फसवणूक आहे, ग्राहकाची दिशाभूल आहे, मी यांचं लायसन रद्द करवीन, मी आयुक्तांना लिहितो, आत्ता लिहितो. कागद आण, कार्बन आण, असं ते बायकोला म्हणाले. सासूबाई कार्बन शोधायला धावल्याही. कार्बन आता जगात कुठे मिळतो हा प्रश्न त्या घरात कुणाला पडला नाही.

फसवलं गेलं होतं ते त्यांना. एक जीव उद्या नऊ वाजता जाणार होता ती गोष्ट वेगळी.

“तक्रार जन्मभर करता येईल,” बाई म्हणाल्या. “आज रक्त कुठे पाठवायचं ते ठरवा.”

मग त्यांनी मोठ्या प्रयोगशाळेबद्दल, पकडीबद्दल सांगितलं, आणि ते सांगताना त्या इन्स्पेक्टरांकडे बघत नव्हत्या. स्टूल जवळ ओढून त्या सुनेसमोर बसल्या होत्या. हेही सांगितलं की निकाल वाईटही येऊ शकतो. मी देव नाही, मी सुईवाली आहे. पण आज जे कागद आहेत त्यांच्यावर कुणी पोट खाली करायला सांगत असेल तर ते कागद तेवढ्या लायकीचे नाहीत.

सासूबाई दारातून म्हणाल्या की डॉक्टरीणबाई रागावतील, तारीख मुश्किलीने मिळालीय. बघू म्हणाला की आपण मॅडमना फोन करून बघू.

“मी उद्या जाणार नाही,” सून म्हणाली.

कुणी तिला काही विचारलं नव्हतं. त्यामुळे सगळे तिच्याकडे बघू लागले, जणू स्टूलच बोललं. तिने बाही आणखी वर केली आणि हात पुढे धरला.

“काढा बाई. दोन नळ्या काढा. तिकडे मी स्वतः घेऊन जाते.”

टोचेबाईंनी दोन नळ्या काढल्या. कापूस दाबून धरायला सांगताना त्यांनी पहिल्यांदा तिला एकेरी हाक मारली. “घट्ट धर गं. आणि आज पोटभर जेव.”

डॉक्टरीणबाईंनी फोनवर काय सांगितलं ते सुनेने नंतर बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या की वाट बघत बसायचं असेल तर तुमच्या जबाबदारीवर बसा, पुढे काही झालं तर माझ्याकडे रडत येऊ नका. चिठ्ठी मात्र त्यांनी दिली. ती देताना पेन एवढ्या जोरात दाबलं की मागच्या कागदावरही अक्षरं उमटली.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातली ती प्रयोगशाळा बसने चार तासांवर होती. सून एकटी गेली. बघूला सुट्टी मिळते का ते तो बघत होता. नळ्यांचा बर्फाचा डबा मांडीवर घेऊन ती गेली, काउंटरवर दोन तास उभी राहिली, नळ्या दिल्या आणि परत आली. निकालाला आठ दिवस लागणार होते.

त्या आठ दिवसांत इन्स्पेक्टरांनी आपलं काम चोख केलं. तक्रारीच्या पाच प्रती. मायना, विषय, संदर्भ, सगळं कसं खात्याच्या शिस्तीत. आणि तिसऱ्या परिच्छेदात, ‘सदर लॅबमधील रक्तसंकलन करणाऱ्या महिला कर्मचाऱ्याने दिलेल्या माहितीनुसार’. एक प्रत त्यांनी माहितीसाठी म्हणून मालकांनाही पाठवली. ज्या फांदीवर कुणी तरी तुमच्यासाठी चढलंय ती फांदी करवतीने कापायची, तेही कायदेशीर मायन्यासकट, याला विशेष शिक्षण लागतं.

सोमवारी मालकांनी बाईंना बोलावलं. नोकरी गेली म्हणून सांगायलाही त्यांनी दुसऱ्याचं तोंड वापरलं. शेजारी बसलेल्या हिशेबनिसाने सांगितलं. बाईंनी पेटी टेबलावर ठेवली. पेटी लॅबची होती. आतला दंडाचा पट्टा त्यांचा स्वतःचा होता, तो त्यांनी काढून घेतला. टेबलाच्या पायाखालचा घडीचा कागदही वाकून ओढला आणि खिशात घातला. टेबल डगमगलं, मालकांचा चहा सांडला.

घरी त्यांनी बहिणीला सांगितलं. बहिणीने विचारलं की मग आता काय करणार. बाई म्हणाल्या की पुलाजवळच्या छोट्या दवाखान्याला सकाळी कुणी तरी हवंय. बहीण म्हणाली बरं. मग थोड्या वेळाने म्हणाली, “त्या मुलीचं काय झालं?” म्हणजे सगळं ऐकू येत होतं तर.

मुलीचं काय झालं ते बाईंना माहीत नव्हतं. ते आठ दिवस त्यांना जड गेले, आणि जड जातात याचा त्यांना राग आला. निकाल वाईट आला असता तर इन्स्पेक्टरांच्या घरात त्यांच्या नावाने काय बोललं गेलं असतं ते त्यांना पाठ होतं. पण त्यांना रात्री झोप लागत नव्हती ती त्यासाठी नाही.

नवव्या दिवशी दुपारी सून दारात आली. बसमधून थेट. हातात तपकिरी पाकीट, फोडलेलं. बाईंनी कागद उजेडात नेऊन वाचला. पकड घट्ट. संसर्ग जुना, पोट राहण्याच्या बराच आधीचा. खाली तिथल्या डॉक्टरांनी पेनाने एक ओळ लिहिली होती की या संसर्गामुळे गर्भाला धोका मानण्याचं कारण नाही. पेनाने लिहिलेली ओळ. सही पण हाताची. बाईंनी त्या सहीवर अंगठा फिरवून पाहिला. शाई थोडी पसरली.

“बस,” त्या म्हणाल्या. सून बसली आणि रडली. बाईंनी रडू दिलं. तिला पाणी दिलं, मग चहा दिला.

मग सून म्हणाली की डॉक्टरीणबाईंना दाखवायला जायचंय आणि घरच्या कुणालाही बरोबर घ्यायचं नाही. तुम्ही येता का? बाई म्हणाल्या की त्या दवाखान्यात माझं तोंड कुणाला आवडणार नाही. सून म्हणाली, “म्हणूनच.”

डॉक्टरीणबाईंनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. वाचताना त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव एकदाही बदलला नाही. त्यासाठी त्यांना गुण द्यायला हवेत. मग त्या हसल्या, मोठं मन असलेल्या माणसासारख्या.

“छान. बरं झालं आपण खात्री करून घेतली.”

आपण. टोचेबाईंनी भिंतीवरच्या गोबऱ्या बाळाच्या चित्राकडे बघितलं, कारण दुसरीकडे कुठे बघितलं असतं तर काही तरी बोलल्या असत्या.

डॉक्टरीणबाई पुढच्या सोनोग्राफीची तारीख लिहू लागल्या. सून खुर्चीच्या काठावर बसली होती. तिने विचारलं, “मॅडम, मी त्या शुक्रवारी आले असते तर?”

“कधी?”

“नऊ वाजता. तुम्ही दिली होती ती वेळ.”

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. प्रश्नात तक्रार आहे का ते त्यांनी अंदाजलं. नसावी असं ठरवून त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “आला असतात तर काय, कळलंच नसतं ना. तुम्हाला वाटलं असतं जे झालं ते बरं झालं. कशाला आता ते डोक्यात घेता?”

त्यांना हे खरंच दिलाशाचं वाटत होतं.

सुनेने टेबलावरची आपली फाइल ओढून घेतली. तारीख लिहिलेली चिठ्ठी तिने टेबलावरच राहू दिली. उठताना ती टेबलाला धरून उठली, आणि बाईंनी हात पुढे केला तो तिने घेतला नाही; तिला तो लागला नाही. बाहेर बाकड्यावर चार बाया बसल्या होत्या, चौघींच्या हातात तपासण्यांची चिठ्ठी. काउंटरवरच्या मुलीने पुढची तारीख विचारली तेव्हा सून म्हणाली की पुढची तारीख नाही, मी दुसरीकडे जाणार आहे. हे ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, पण बाकड्यावर ऐकू गेलं.

बाकड्याच्या टोकाला बसलेल्या बाईने विचारलं की का हो, काय झालं?

सून तिच्या शेजारी बसली.